आतल्या खोलीतला हुंकार

माही धाकली जाऊ चतुराबाई. रिठदच्या बाया म्हनते, तिचा एक इस्क्रू ढिला हाये. म्हनो बाप्पा. ज्यायच्या डोक्यात इस्क्रूच नाई, त्याईचा ढिला कुठून होईन? मी रुपाबाई, तिच्या भिंतीले भिंत लावून राह्यते. आमची ओसरी एक, आंगन एक, फक्त चुली दोन. तिच्या घरात जे झालं ते मी माह्या कानानं आयकलं. बाकीच्यायनं हापशीवर आयकलं. आता तुमी कोनाचं खरं मानाचं ते तुमीच पाहा.

चतुरीले येड एकच, मोठ्यानं वाचाचं. स्वतः सातवी शिकली. रिसोडच्या बाजारात रद्दीवाला बसते, बाकीच्या बाया बाजारात गेल्या का बांगड्या पाह्यते, ही त्याच्या ढिगाऱ्यात बसून पुस्तकं उकरते. कव्हर नसलेले, पानं कुरतडलेले, कायबी. संध्याकाळी भाकरी झाल्या, भांडे झाले, का ओसरीवर सतरंजी टाकाची अन् लेकराले हाक माराची.

लेकरं म्हनजे काय लहान नाई. निकिता दहावीत अन् पवन आठवीत, घोड्याएवढे पोट्टे! एक पान आई वाचे, एक निकिता, एक पवन. पवन पाचवीपर्यंत लय अडखळे, म्हनून हे सुरू झालं होतं. मंग पवन घडाघडा वाचाले लागला, तरी हिनं सोडलं नाई. निकिता चिडे. "आई, आमी का बारके हाओत? माह्या मैत्रिनी हासते."

"हासू दे."

मीबी एक दिवस म्हतलं, "चतुरे, आता पुरे कर वं. मिशा फुटाले आल्या त्याले."

त मले म्हने, "जाऊबाई, बारक्या पोराले कोनीबी कुशीत घेते. मोठं झाल्यावर त्याले कायनं जवळ बसवाचं? ओरडून?"

 माहे दोन पोरं मोठे झाले तसे माह्याजवळ कवा बसले ते मले आठवत नाई. मी उठली अन् आपल्या चुलीपाशी गेली.

तिच्या वाचनात एक कायदा होता, हुंकाराचा. आमच्या इकडे गोष्टीले हुंकार लागतेच. सांगनारा थांबला का आयकनाऱ्यानं "हं" म्हनाचं. नाई म्हतलं त सांगनारा इचारते, "का मी भिंतीले सांगू राह्यलो?" जो हुंकार चुकवीन त्याचं पान जाये, अन् दुसऱ्या दिवशी भांडे त्याच्याकडे. निकिता हुंकार दे, पन कसा? वकिलाच्या नोटिशीले सही केल्यावानी. पवनचा त अर्धा झोपेत.

खरा हुंकार द्यावा त राजूनं. राजू म्हनजे चतुरीचा धाकला भाऊ. तिचं माहेर मंगरूळपीरच्या पलीकडे. माय मेली तवा राजू रांगत होता अन् ही परकरातली पोर. हिनंच त्याले वाढवलं. पोरगं जेवत नसे, त ही गोष्ट सांगे अन् हुंकाराले तोंड उघडलं का घास कोंबे. लगन झालं तवा त्याले संगंच घेऊन आली. लोकाच्या पोरी आंदनात भांडे आनते, हिनं भाऊ आनला! माह्या सासूनं तोंड वाकडं केलं, पन माहा दीर रामकिसन गरीब मानूस, म्हने, एक पोट काय जड होते.

आतल्या खोलीत, जिथं सोयाबीनचे कट्टे, म्हनजे भरेल पोते, राह्यते, तिथं पोरगं झोपे. नाक सदा भरेल. म्हनून त्याचा "हं" अर्धा नाकातून ये, अर्धा तोंडातून, अन् लगेच त्याच्या मागं, "मंग?" असा "हं... मंग?" दुसऱ्या कोनाचा आयकला नाई मी आजवर. भिंतीच्या अल्याड मी भाकरी थापत राहो अन् पल्याड थो हुंकार दे. मलेच गोष्ट आयकाची गोडी लागली होती.

मंग थो मोठा झाला. वाशिमले शिकला, नागपूरले गाडीवर डायवर लागला. मिशा आल्या, गळ्यात साखळी आली. दिवाळीले ये, ताईसाठी साडी आने, भाच्यायले फटाके आने. पन हुंकार सुटला. ताई वाचाले बसली का हा मोबाईल पाहत कट्ट्यावर लोळे. चतुरी मधातच थांबे, एक घडी त्याच्याकडे पाहे, अन् पुढं वाचे. मले तिची कीव ये. लेकरं दूर गेल्याचं दुःख सारे सांगते, भावाचं कोन सांगते?

आता दुसरी गोष्ट. दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालेबी मालूम. चतुरी कधी उजेडात पुस्तक उघडत नसे. लेकराचा मामा म्हनजे तिचा राजू, अन् त्याच्या वाटेसाठी काहीबी पाळलं असतं तिनं.

तरी तिनं ते मोडलं. मागच्या भाऊबीजेले.

सकाळपासून ताट तयार. रांगोळी काढेल, पाट मांडेल, पुरन झालेलं. दुपारी राजूचा फोन आला, "ताई, मंगरूळपीरले पोचलो. इथून वाशिमची गाडी धरतो. लय भूक लागली." आवाज हासरा. मी तिथंच होती, तिच्या ओसरीवर तुरीच्या दाळीतले खडे काढत बसली होती. पोट्टे सकाळचे उपाशी, मामा आल्याशिवाय जेवाचं नाई म्हनून. निकिता पवनवर खेकसे, पवन तिच्यावर. मोबाईलवरून झोंबाझोंबी झाली. चतुरीनं मोबाईल घेतला, फडताळात टाकला, अन् पुस्तक काढलं.

मी म्हतलं, "काय वं, उजेडात? अन् आजच? भाऊ वाटेवर हाये ना तुहा?"

ती म्हने, "जाऊबाई, गोष्ट सांगू नये असं हाये. हे त वाचनं हाये. सांगनं येगळं, वाचनं येगळं. पोथी नाई का वाचत दुपारी?"

"पोथी देवाची. हे कोनाचं?"

"तुमी दाळ निवडा," म्हने.

घ्या! चांगलं सांगाले गेलं त असं. मी दाळ निवडली.

पुस्तक थे तिच्या त्या ढिगाऱ्यातलं, आगा ना पिछा. एक विहीर खोदनारा मानूस असते त्याच्यात. पानी लागत नाई म्हनून थो खाली खाली जाते, वरचे लोक बारके होत जाते, अन् याले वर याची आठवनच राह्यत नाई. चतुरी वाचाले लागली, "खाली उतरता उतरता त्याला वर पाहायची सवय राहिली नाही. वरून कोणी हाक मारली, तर ती त्याला दुसऱ्याच कुणाची वाटे." अन् थांबली, हुंकारासाठी.

पोट्टे रुसलेले. दोघं तोंड शिवून बसले.

अन् आतल्या खोलीतून आवाज आला, "हं... मंग?"

अर्धा नाकातून, अर्धा तोंडातून.

आमी सारे हासलो. पवन उठून पळाला, "मामा आला! मागच्या दारानं आला!" मीबी म्हतलं, "चोरावानी कायले शिरते रे बाप्पा?" निकिता पळाली, चतुरी पळाली, तिच्या मागं मी. आत सोयाबीनचे कट्टे, वर लावलेली घोंगडी, कोपऱ्यात उंदराची फडफड. मागच्या दाराले आतून कडी.

निकिता कट्ट्यायच्या मागं पाहून आली. मंग कट्ट्यायच्या वर चढली. कोनीच नाई. माह्या हातातून दाळीचं सूप निसटलं, सारी दाळ सांडली, अन् मी त्याच्यावरून चालत बाहेर आली. मले भेव लागलं. खोटं कायले सांगू?

राजू आला नाई. वाशिमची गाडी आली, रिसोडची आली, शेवटचीबी आली. फोन बंद. रामकिसन मोटरसायकल घेऊन मंगरूळपीरले गेला, स्टँड पाह्यला, दर्ग्यापाशी पाह्यलं, दवाखाने पाह्यले. ठाण्यात लिहून देल्लं. स्टँडसमोरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात थो सापडला. खांद्यावर बॅग, हातात साडीचा डब्बा, फाटकातून बाहेर निंगाला, दोन्हीकडे पाह्यलं, अन् उजवीकडे गेला. उजवीकडं कायले? गाडी त आत उभी होती. रामकिसन घरी आला अन् म्हने, "असा गेला जसा काही रस्ता मालूम हाये." त्याच्या पुढं कोन्याच कॅमेऱ्यात थो नाई.

ताटातला दिवा विझला, पुरन आंबलं. चतुरीनं ते ताट कितीतरी दिवस उचलू देल्लं नाई.

कोनी तिले बोल लावला नाई, मी त तोंडालेच कुलूप लावलं. पन तिनं स्वतःच लावला. मले म्हने, "मी लय शानी झाली होती ना जाऊबाई. सांगनं येगळं, वाचनं येगळं." अन् स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. मी तिचे हात धरले. तिचा हुंदका माह्या छातीले लागत होता.

तुमी म्हनान, मंग तिनं पुस्तक चुलीत टाकलं असंन. नाई टाकलं. कायले टाकीन? तिनं थो आवाज आयकला होता.

पयले तिनं संध्याकाळी वाचून पाह्यलं. पोट्ट्यायले घेऊन बसली, वाचलं, थांबली, आतून काही नाई. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, काही नाई. मंग एक दिवस पोट्टे शाळेत, रामकिसन वावरात, अन् मी ओसरीच्या माह्या कडेले पापडाले बसली होती. दुपारचं टळटळीत ऊन. चतुरी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली अन् वाचाले लागली. हळू वाचे, मले शब्द आयकू येत नव्हते. पन ती थांबली तवा जे आलं ते आयकू आलं.

"हं... मंग?"

मी लाटनं खाली ठेवलं. ती वाचे, थांबे, अन् आतून हुंकार ये. वाचे, थांबे, हुंकार. जसं लहानपनी होतं तसंच. मले वाटलं उठावं, पळावं, अन् वाटलं बसावं अन् आयकावं. बसली मी. तुमी असते त तुमीबी बसले असते.

पुढं रोजचं झालं. दुपार झाली का चतुरी उंबऱ्यावर. तिच्या तोंडावर तजेला आला, जेवाले लागली, केस विंचराले लागली. गावातल्या बाया म्हने, सावरली बाई. सावरली कायची! दुधाची तहान ताकावर भागवत होती. अन् मले माहीत होतं, दिवसा एक एक पान वाचून ती तिकडं भावाची वाट मोडत होती. ते तिलेबी माहीत होतं.

एक दिवस निकिता शाळेतून लौकर आली. डोकं दुखत होतं तिचं. दारातच उभी राह्यली. आई वाचून राह्यली, आतून मामाचा हुंकार येऊन राह्यला, हे सारं तिनं आयकलं. अन् आजवर मी ज्या पोरीले फुगलेलीच पाह्यली होती, ती अशी कडाडली का मी माह्या घरातून धावत आली.

"आई! तुले मामा पाह्यजे का त्याचा आवाज पाह्यजे?"

चतुरी पुस्तक पदराखाली घालाले लागली.

"लपवू नको. तू वाचतं अन् थो तिकडं फिरते. कोठं असंन, काय खात असंन? येऊ दे ना त्याले घरी! येऊ दे ना वं आई!"

चतुरी म्हने, "अन् नाईच आला त? हे बी गेलं अन् थोबी नाई आला, मंग मी काय करू?"

  निकिता तिच्या पायाशी बसली अन् दोघी रडल्या. मी पानी आनून देल्लं. आतल्या खोलीत गच्च शांत होतं, जसं काही कोनी कान देऊन बसलं हाये.

त्या दिवसापासून चतुरीनं वाचनं बंद केलं. दिवसाचंबी अन् संध्याकाळचंबी. पुस्तक निकितानं आपल्या दप्तरात ठेवलं.

लोक म्हनते, भूत दिसते तवा भेव वाटते. मी सांगते, त्याच्यापेक्षा मोठं भेव कोनतं. दुपारची वेळ, सारं गाव वावरात, बाहेर एक कुत्रं नाई, चतुरी ओसरीवर गहू निवडून राह्यली, अन् कोनी काही वाचत नाई, कोनी काही बोलत नाई, तरी आतून आवाज येते, "मंग?"

थोड्या वेळानं परत. "मंग?"

नाक भरेल लेकराचा आवाज. आधी लाडात इचारे. मंग हट्टात. मंग रडकुंडीले येऊन. "मंग? मंग वं ताई? मंग?"

चतुरी पदराचा बोळा करून दातात धरे. डोळ्यातून पानी, हात गव्हात, अन् तोंड बंद. एका शब्दानं तिनं उत्तर देल्लं असतं त थो आवाज थांबला असता. नाई देल्लं. मी तिच्याजवळ बसे अन् मोठ्यामोठ्यानं काहीबाही बोले, तुरीचा भाव, कोनाची सून, कोनाची म्हैस, काहीबी. लेकराले असं तोडून ठेवनं कोनाच्यानं होते? तिच्यानं झालं. म्हनून म्हनते, तिले येडी म्हननाऱ्यायनं आधी तिच्या जागी एक दुपार बसून पाहावं.

हळूहळू थो आवाज बारीक होत गेला. पन गेला नाई.

होळीच्या आधी, पळस फुलले तवा, राजू आला.

मीच त्याले पयले पाह्यलं. रस्त्यानं चालत येऊन राह्यला होता, वाशिमकडून, पायी. दाढी छातीवर, साखळी नाई, बॅग नाई, पायातल्या चपला दोन रंगाच्या. मी किंचाळली, "चतुरे!" ती आली, उभी राह्यली. थो म्हने, "ताई, उशीर झाला का वं?" अन् आंगनात मटकन बसला.

तिनं त्याले असं धरलं का रामकिसनाले सोडवा लागलं. पवन गावभर सांगत धावला. मी चुलीवर पानी ठेवलं, न्हाव्याले बोलावनं धाडलं. आख्खं रिठद आंगनात जमलं. भाऊबीज शिमग्यात झाली, पन झाली. निकितानं रांगोळी काढली अन् चतुरीनं ओवाळलं. दिवा दोनदा विझला, दोनदा तिनं थो परत पेटवला.

कोठं होता, सारे इचारत. थो म्हने, "मले नाई सांगता येत. स्टँडबाहेर निंगालो, म्हतलं एक च्या पिऊ. रस्ता सरळच होता, मी चालत होतो. पाटी दिसे, पाटीवर रिठद लिहेल राहे, अन् पोचलो का दुसरंच गाव. मंग परत पाटी." एका वीटभट्टीवर काम केलं म्हने, कोठली ते आठवत नाई. डोक्याले एक जुनी खोक होती. डाक्तर म्हनला, मार बसला असंन, त्याच्यानं होते असं. असंनबी. डाक्तर शिकेल मानूस हाये. पन राजूनं अजून एक सांगतलं, ते मी अन् चतुरीनंच आयकलं. "कानात सारखं कोनी पुटपुटल्यावानी होये, दुपारचं. त्याच्या नादानं वाट समजे नाई. मंग ते थांबलं. थांबल्यावर बी लय दिवस गेले. अन् एक दिवस पाटी वाचली, अन् रिठदच लागलं."

चतुरी खाली पाहत राह्यली.

मानूस आला, पन लय बदलून आला. बोलनं कमी, हासनं नाई. बसे त आंगनात, झोपे त आंगनात. आतल्या खोलीत एक पाय ठेवत नसे. चतुरी म्हने, "थकेल हाये." मले वाटे, थो त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसतच नाई. सदा तोंड तिकडं. माह्या मनात एकदा असंबी आलं का हा खरा राजू हाये का नाई. मी त्याले इचारून पाह्यलं, लहानपनी माह्या कोन्या कोंबडीचं पिलू तुह्या पायाखाली मेलं होतं? म्हने, तांबडीचं. बराबर होतं.

मंग एका संध्याकाळी निकितानं पुस्तक दप्तरातून काढलं. दिवा लावून झाला होता. म्हने, "आई, आता त मामा घरी हाये. आता काय भेव?" ओसरीवर सतरंजी टाकली. पवन आला, मी आली, रामकिसनबी भिंतीले टेकून बसला. राजू आंगनातल्या खाटेवर. चतुरी किती दिवसानं वाचाले बसली होती! चष्मा पुसला, पान काढलं, अन् वाचलं, "विहिरीच्या तळाशी त्याला पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला. पण पाणी कुठेच नव्हतं."

अन् थांबली. राजूकडं पाह्यलं. आमी सारेच त्याच्याकडं पाहत होतो, निकितानं त मुद्दाम हुंकार देल्ला नाई.

राजू गप. तोंड उघडलं नाई त्यानं.

अन् आतून आलं, "हं... मंग?"

खुशीत आलं. लय दिवसाचं उपाशी लेकरू घास घेते ना, तसं.

चतुरीच्या मांडीवरून पुस्तक खाली पडलं. संध्याकाळी कधीच येत नसे थो. अन् आता थो इथं कसा? राजू त समोर बसेल हाये! रामकिसननं आजवर आवाज आयकला नव्हता, थो उठून उभा राह्यला. राजूचं तोंड पांढरं फटक पडलं.

"ताई," थो म्हने, "आत कोन हाये?"

 मंग पवननं सांगतलं, साध्या आवाजात, "तूच हाये मामा. लहान हाये."

राजू खाटेवरून उठला. "बंद करा हे. उद्या महाराजाले बोलवा, भगत आना, खोली पाडा, काहीबी करा. ताई, आयकून राह्यली का? या घरात एक त हे राहीन, नाई त मी. मी जाईन निंगून. आता परत नाई येनार."

मले वाटलं, आता चतुरी मरनार. ज्या भावासाठी तिनं तोंडात बोळे कोंबून दुपारी काढल्या, थो म्हने जाईन. मी तिच्या दंडाले धरलं. म्हतलं, "हो म्हन वं. जिता भाऊ हाये. हो म्हन."

ती उठली. चुलीपाशी गेली. दोन ताटं घेतली अन् दोन्हीत वाढाले लागली. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. ठेच्याच्या जागी एका ताटात गूळ ठेवला. एक ताट आनून राजूसमोर ठेवलं. गुळाचं आतल्या खोलीत नेलं अन् उंबऱ्यापाशी ठेवून आली.

मंग राजूले म्हने, "तुले वाढवून मी मोठा केला, अन् तू गेला. हा गेलाच नाई. रोज हुंकार देल्ला त्यानं. दोघंबी माहेच हाये रे. कोन्या एकाले हाकलू, तू सांग. जाचं असंन त जेवून जाय."

आवाज चढवला नाई तिनं. रडलीबी नाई. रामकिसन खाली मान घालून उभा. निकिता आईचा पदर धरून बसली होती, एवढी मोठी पोरगी.

राजूनं ताटाकडं पाह्यलं.  मले वाटलं, आता लाथ मारून निंगते. त्यानं ताट उचललं. ओसरी चढला, आमच्या मधातून गेला, आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थबकला, अन् आत गेला. आत लाईट नव्हता. कट्ट्यावर कोनी बसलं त ज्यूट करकरते, ते आमाले आयकू आलं. मंग भाकरी मोडल्याचा आवाज आला.

चतुरी सतरंजीवर बसली. पुस्तक उचललं, पान काढलं. वाचलं, "पाणी कुठेच नव्हतं. तरी तो खाली बसला आणि ओंजळ पुढे केली."

थांबली.

आतून हुंकार आला.

"हं."

एकच आला. नाकातला होता का मिशीआडचा, बारक्याचा होता का मोठ्याचा, आमच्यातल्या कोनाले सांगता आलं नाई. पवननं माह्याकडं पाह्यलं, मी रामकिसनकडं. चतुरीनं कोनाकडंच पाह्यलं नाई. तिनं पान पलटवलं अन् पुढं वाचाले लागली.